ओरडा ऐकू आला की पुढे

"राक्षस हा मानवी संस्कृतीचा पाया आहे," सावित्री नदीकाठच्या खडकावर उभा राहून उबेद म्हणाला. "देव नंतर आले. आधी माणूस घाबरला. आणि ज्याने त्याला पहिल्यांदा घाबरवलं, तो आज या डोहातून, तुमच्या माझ्या डोळ्यांदेखत..."

"नाष्टा आधी का राक्षस आधी?" खालून बनुबाईंनी विचारलं.

समोर बसलेल्या सव्वीस गावकऱ्यांनी एकमुखाने नाष्ट्याच्या बाजूने कौल दिला. मानवी संस्कृतीचा पाया त्या वेळी टेम्पोच्या हौद्यात आडवा पडला होता आणि पोह्यांवर ऊन येऊ नये म्हणून कोणीतरी पातेलं त्याच्या जबड्यात सरकवून ठेवलं होतं. उबेदने ते स्वतःच्या हाताने, दात न दुखावता, बाहेर काढलं.

उबेद महाडचा. गेली चौदा वर्षं कतारमध्ये लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकली की त्यांच्याशी स्पीकरवरून शांत आवाजात बोलायचं, हेही त्याचंच काम. वयाच्या अकराव्या वर्षी त्याने एका व्हिडिओ पार्लरात पहिला राक्षस पाहिला, शहर तुडवणारा, आणि तो जो बिघडला तो बिघडला. त्यानंतर सरडे, वानरं, अष्टपाद, मधमाशा, जे जे म्हणून अवाढव्य होऊन माणसांच्या मागे लागलं ते ते त्याने पाहिलं. सातशेच्या वर सिनेमे. महाडच्या घरी शोकेसमध्ये, जिथे त्याच्या बायकोने, रिझवानाने, डिनर सेट मांडायचं ठरवलं होतं, तिथे रबरी राक्षस रांगेने उभे होते. डिनर सेट पलंगाखाली होता.

या सगळ्या अभ्यासातून उबेदने एका वहीत तेवीस नियम काढले होते. पहिला नियम, राक्षस लवकर दाखवायचा नाही. तो त्याने इतका कडक पाळला होता की सहा आठवड्यांच्या रजेत चाळीस मिनिटांचा सिनेमा तयार झाला होता आणि त्यात राक्षस अजून कुठेच नव्हता. माणसं त्याच्याविषयी बोलत होती, एवढंच. डोहासुर पाण्यातून उठतो, काठावरचं गाव किंचाळतं आणि तो गावावर चालून जातो, हा शेवटचा प्रसंग राहिला होता. उद्या संध्याकाळी उबेदचं विमान होतं. म्हणजे आज सकाळी राक्षस दिसला तर सिनेमा, नाही तर चाळीस मिनिटं गप्पा.

कॅमेऱ्यामागे त्याची धाकटी बहीण अफशा होती. ती महाडला शाळेत विज्ञान शिकवते. नात्यातल्या लग्नांचं शूटिंग तिच्याकडेच असतं, कारण तिचा हात हलत नाही. तिला राक्षसांचे सिनेमे आवडत नाहीत, आणि ते ती लपवतही नव्हती.

"भाई, तुला राक्षस आवडतात, हाच घोटाळा आहे," पोहे खाता खाता ती म्हणाली.

"आवडतात म्हणून तर काढतोय."

"हैदरमामूंना बिर्याणी आवडते. त्यांना कधी कोणी देगेजवळ फिरकू दिलंय?"

"बिर्याणीचं वेगळं असतं."

"तू त्यांना घाबरत नाहीस. त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतोस. मग लोक का घाबरतील?" तिने प्लेट खाली ठेवली. "महाडच्या पुराच्या वेळी तू कतारला होतास. आम्ही माळ्यावर. पाणी आरडाओरडा करत नव्हतं, भाई. एक पायरी चढायचं. मग थांबायचं. मग पुढची पायरी. अम्मी पायऱ्या मोजत होती."

उबेदने पोह्यांतली मिरची वेचून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "खरंय. पण साउंडमध्ये त्याची काही मजा येत नाही."

अफशाने लेन्स पुसायला घेतली.

डोहासुर बनवला होता रावजींनी. उमरठकडचे रावजी, साठी ओलांडलेले. शिमग्याची सोंगं बनवण्यात पोलादपूर तालुक्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. बांबूच्या कामट्या, फोम, गोणपाट, आत भाताचा पेंढा, दात पांगाऱ्याच्या लाकडाचे, जबड्याला आणि गळ्याला गेरू. शेपूट दीड वाव, म्हणजे चांगलं नऊ फूट लांब, काथ्याच्या दोरीने तीन गाठींत कमरेला बांधलेलं. खरं सांगायचं तर सातशे सिनेमांतल्या निम्म्या राक्षसांपेक्षा तो चांगला झाला होता. रावजींनी मोबदल्याचं काही बोलणं केलं नाही, फक्त दोन अटी घातल्या.

"एक म्हंजे, तोंडावर सोंग चढलं की आतला माणूस बोलायचा नाय. हूं का चूं नाय. आन दुसरं, ज्यानं चढवलं त्यानंच उतरवायचं. आमच्या घराण्यात असंच हाय."

आत शिरणार होता त्यांचा पुतण्या सुशांत. महाडच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असल्यामुळे त्याची सकाळ मोकळी असे. बारा वर्षांचा असल्यापासून तो सोंग घेतोय. एका शिमग्यात सोंग चढलेलं असताना त्याच्या पायाला विंचू डसला, तरी पोरगा बोलला नव्हता. त्या वर्षी नाचला मात्र फार सुंदर.

अडचण आली ती गावाची. आदल्या दिवशी तालमीला डोहासुर काठावरून चालत आला, तेव्हा पळायच्या ऐवजी बायका पुढे झाल्या. एकीने नारळ ठेवला. दुसरीने मुलाच्या नोकरीचं सांगितलं. बनुबाईंनी गुडघ्याचं.

"अहो, पळायचं!" उबेद ओरडला होता.

"सोंगाकडं पाठ करून कोण पळतंय रं?" बनुबाई म्हणाल्या. "वर्साचा सण तो."

म्हणून उबेदने आज शक्कल काढली. गावाला त्याने नदीपल्याड पाठवलं, म्हणजे नारळ पोचणार नाही. त्यांना आवर घालायला रावजींनाही साकवावरून पलीकडे धाडलं. डोहासुर अलीकडच्या काठाजवळ गुडघाभर पाण्यातून निघणार, छातीभर पाण्यापर्यंत जाणार. तिथे एक बांबू रोवला होता. त्याच्या पुढे डोहाला तळ नाही असं बनुबाई म्हणत, आणि बनुबाईंचं लग्न होऊन पन्नास वर्षं झाली होती, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

राक्षसाच्या डोक्यात फोम इतका ठासला होता की आतून शब्द धड कळत नसत, मोठा आवाज तेवढा पोचे, आणि गळ्याच्या जाळीतून समोरचं हातभर पाणी तेवढं दिसे. तेव्हा खूण ठरवावी लागली.

"ओरडा ऐकू आला की पुढे चालायचं," उबेदने बजावलं. "ओरडा थांबला की थांबायचं. परत ओरडा, परत पुढे. म्हण बघू."

"ओरडा, पुढं. गप्प, थांबायचं," सुशांत म्हणाला.

उबेदने ते त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. कतारमध्ये सुरक्षेच्या सूचना तीनदा म्हणून घ्यायची पद्धत आहे. मग रावजींनी पलीकडे जाण्याआधी डोकं चढवलं, मागच्या नाड्या आवळल्या, आणि सुशांत मुका झाला.

राहता राहिली मगर. ती होतीच. हिवाळ्यात सकाळी वरच्या अंगाला, दीडेकशे पावलांवर, वाळूच्या पुळणीवर ती उन्हाला पडलेली असते, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. रावजी म्हणाले होते, "ती तिच्या जागी, आपण आपल्या जागी. गडबड नाय केली तर ती पण नाय करत." उबेदने तिच्याकडे एक नजर टाकली होती. नऊ फूट. रंग मातकट. हालचाल शून्य. पडद्यावर तिचा काही उपयोग होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

पहिल्या टेकला गावाने केलेला आवाज झुरळ दिसल्यासारखा आला. डोहासुर दोन पावलं चालला आणि थांबला. दुसऱ्या टेकला पलीकडून "आला गो बाई, आला!" असं ऐकू आलं, पण वरातीला नवरदेव आल्यासारखं. उबेदने भोंगा तोंडाला लावून पलीकडे सांगितलं, "भीती पाहिजे! भीती! मरण समोर दिसतंय असं ओरडा!" इतका वेळ थांबलेला डोहासुर भोंगा ऐकून आणखी दोन पावलं पुढे गेला. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. सुशांतचा डावा हात मात्र सारखा मागे जात होता, पाठीकडे वळत होता, झटके देत होता.

"हे काय करतोय?" अफशाने विचारलं.

"ॲक्टिंग," उबेद कौतुकाने म्हणाला. "सांगितलं नव्हतं, मनाने करतोय. राक्षसाला वेदना पाहिजेच. नियम सतरा."

आणि मग तिसऱ्या टेकला, उबेदने रुमाल हलवायच्या आतच, पलीकडून ओरडा आला.

उबेदच्या अंगावर सरसरून काटा आला. पातळ, चिरका, मध्येच फाटणारा ओरडा. सव्वीस गळ्यांचा, पण प्रत्येक गळा एकटा पडल्यासारखा. सातशे सिनेमांत त्याने असला ओरडा ऐकला नव्हता.

"वा!" तो म्हणाला. "वा, बनुबाई, वा!"

तीन सेकंद उबेद जगातला सगळ्यांत सुखी माणूस होता. नंतर त्याने ती सेकंदं रेकॉर्डिंगवर मोजली. तीनच होती.

चौथ्या सेकंदाला त्याला दिसलं की बायका डोहासुराकडे बघतच नाहीयेत. त्या वरच्या अंगाला बघतायत, आणि रावजी दोन्ही हातांनी काहीतरी दाखवतायत. त्याने मान वळवली. पुळण रिकामी होती. वाळूवरून पाण्यापर्यंत पोट घासत गेल्याचा एक ओला पट्टा तेवढा होता. पाण्यात काही नव्हतं. पाणी होतं तसंच होतं, वर पातळ धुकं, शांत.

"मगर! सुशांत, मगर!" पलीकडून सगळे मिळून ओरडत होते.

सुशांतने ओरडा ऐकला आणि तो ठरल्याप्रमाणे पुढे चालू लागला.

उबेदने भोंगा उचलला. "सुशांत! माघारी फिर! माघारी!"

डोहासुराने दोन्ही हात वर केले, जबडा वासला आणि आणखी तीन पावलं टाकली. पाणी त्याच्या कमरेला लागलं. ते हात वर करणं अप्रतिम होतं. उबेदला ते त्या अवस्थेतही जाणवलं, आणि जाणवलं याची लाज त्याला पुढे कितीतरी दिवस पुरणार होती.

"भाई," अफशा हळू आवाजात म्हणाली, "ओरडलास की तो पुढे जातोय."

उबेदच्या हातातून भोंगा गळून पडला. तेवीस नियम, तीनदा म्हणून घेतलेली सूचना, सगळं त्याच्या स्वतःच्या हातचं होतं आणि चोख चाललं होतं. लोक जितके घाबरतील तितका सुशांत आत जाणार. बांबू आता त्याच्यापासून पाच हातांवर होता.

त्याने पलीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. कोणी बघेना. त्याने दोन्ही हात जोडले. मग खाली वाळूत गुडघ्यावर बसला, हात जोडलेलेच, आणि परत ओठांवर बोट. रावजींना ते आधी कळलं. त्यांनी एकेकीला खांद्याला धरून खाली बसवलं. बनुबाईंनी पदराचा बोळा करून तोंडात घातला. ओरडा तुटत तुटत थांबला.

डोहासुर थांबला.

आता नदीवर काहीच ऐकू येत नव्हतं. पल्याड सव्वीस माणसं तोंडावर हात दाबून बसली होती, मध्ये पाण्यात एक राक्षस पाठमोरा उभा होता आणि त्याचा डावा हात मागे वळून पाठीकडे धडपडत होता. त्याला कळलंय, उबेदला वाटलं. त्याला मागे काहीतरी लागतंय.

उबेद बुटांसकट पाण्यात शिरला.

राक्षस जवळ आला हे कळायच्या नऊ तऱ्हा त्याच्या वहीत होत्या. संगीत बदलतं, पक्षी उडतात, पाण्यावर बुडबुडे येतात, कुत्रं भुंकतं. इथे काही बदललं नाही. एक खंड्या समोरच्या फांदीवर निवांत बसून होता. पाणी थंड होतं, गुडघ्याला, मग मांडीला. वरच्या अंगाला, वीस हातांवर, दोन बोटं जोडून पाण्यावर ठेवावीत एवढंसं काहीतरी वर आलं, आणि कधी नव्हतंच अशा थाटात खाली गेलं.

पायरी, उबेदच्या मनात आलं. एक पायरी चढायचं, मग थांबायचं. अम्मी मोजत होती.

तो तिथेच उभा राहिला. घशातून बारीक आवाज येत होता. तो आपलाच आहे हे कळायला त्याला वेळ लागला, आणि कळल्यावर त्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. मग पुढचं पाऊल टाकलं.

डोहासुरापाशी पोचून त्याने त्याला कमरेला मिठी मारली. सुशांतला दिसत काही नव्हतं, कोणीतरी माणूस अंगाशी आलाय एवढंच कळलं, आणि अशा वेळी राक्षसाने काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. त्याने उबेदला झटकून पाण्यात फेकला.

उबेद नाकातोंडात पाणी घेऊन उठला, परत चिकटला, गळ्याच्या जाळीला तोंड लावलं आणि कुजबुजला. दुसरं काही सुचेना तेव्हा जे चौदा वर्षं म्हणत आला होता तेच तोंडातून आलं. "कृपया शांत राहा. मदत आलेली आहे. दरवाजा स्वतः उघडण्याचा प्रयत्न करू नका."

आतली धडपड थांबली.

"मागे वळ. हळू. आवाज नको."

दोघं वळले. गोणपाट पाणी पिऊन जडशीळ झालं होतं, शेपूट मागे तरंगत येत होतं. एक पाऊल. दुसरं. काठावर अफशा होती, तिच्यामागे टेम्पो, टेम्पोत पोह्यांचं पातेलं. उबेदने त्या पातेल्यावर नजर रोखून धरली. आठवं पाऊल टाकलं आणि सुशांत मागच्या मागे बसला.

कोणीतरी शेपूट ओढलं होतं.

परत एक हिसका. दोघंही गळ्यापर्यंत पाण्यात गेले. रावजींची गाठ सुटणारी नव्हती, शिमग्यात चार-चार माणसं त्या शेपटाला लोंबकळून नाचतात. उबेदने डोळे मिटले आणि पाण्याखाली हात घातला. लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये हाताने खीळ सोडवायची त्याला सवय होती. पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. तिसरी भिजून दगड झाली होती. बोटाचं नख मुळापासून निघालं, त्याला कळलंही नाही. तिसऱ्या हिसक्याला काथ्या कटकन तुटला आणि दीड वाव शेपूट त्यांच्यापासून सरळ रेषेत, घाई नसल्यासारखं, वरच्या अंगाला निघून गेलं. मग बुडालं.

ते काठावर कसे आले हे उबेदला सांगता येत नाही. सुशांत वाळूवर पालथा पडला. त्याच्या गळ्यातून लाल ओघळ वाळूत उतरत होते.

"रक्त!" उबेद ओरडला. आता ओरडायला हरकत नव्हती.

"गेरू आहे," अफशा म्हणाली.

"सुशांत, चावली का? कुठे? पाय हलव!"

पाय हलले. दोन्ही. पण दोन्ही हात मागे वळून पाठीवर आपटत होते, आणि राक्षस वाळूवर गडाबडा लोळत होता. उबेदने नाड्यांना हात घातला. सुशांतने दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलं आणि ते जोराजोरात नकारार्थी हलवलं. ज्याने चढवलं त्यानंच उतरवायचं. मग परत हात पाठीकडे.

"रावजी!" उबेदने नदीपार हाक मारली. "लवकर या! पाठीला काहीतरी झालंय त्याच्या!"

रावजी साकवाकडे धावत सुटले होते, मागे बनुबाई, मागे सगळं गाव. साकवावरून यायला दहा मिनिटं लागतात. उबेद सुशांतचा पंजा धरून बसला. त्याचे दात वाजत होते. पलीकडे खंड्याने एक मासा मारला.

"मी कॅमेरा बंद नाही केला," थोड्या वेळाने अफशा म्हणाली.

तिने स्क्रीन त्याच्यासमोर धरली. कडेला पाठमोऱ्या राक्षसाचा एक खांदा होता, अर्धा फ्रेमबाहेर. मगर कुठेच नव्हती. मध्यभागी मांडीभर पाण्यात शर्ट पँट घातलेला एक टकला माणूस उभा होता आणि पाण्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. त्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबला, आणि पुढचं पाऊल टाकलं.

उबेदने ते दोनदा पाहिलं.

"यात राक्षस कुठाय?" त्याने विचारलं.

"नाहीये," अफशा म्हणाली. "म्हणून तर मला परत बघवत नाहीये."

उबेदने खिशात हात घालून तेवीस नियमांची वही काढली. तिचा लगदा झाला होता.

तेवढ्यात रावजी धापा टाकत आले आणि गुडघ्यावर बसले. गाव भोवती गोळा झालं. बनुबाईंच्या हातात नारळ होता, तो कुठून आला कोणी विचारलं नाही. पहिली नाडी सुटली, दुसरी सुटली. त्यांनी डोहासुराचं डोकं दोन्ही हातांनी अलगद उचललं. आतून सुशांतचा घामाने निथळणारा, लालबुंद चेहरा बाहेर आला. डोळे पाण्याने भरलेले. त्याने एक लांब श्वास घेतला, सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी उबेदवर नजर थांबवली.

"उबेदभाई," तो म्हणाला, "जरा पाठ खाजवा ना. सकाळपासून पेंढा टोचतोय."